पाट्याखालचा फोन

आमच्या दुकानात येणारं नवं गिऱ्हाईक आधी माझ्या खांद्यावरून मागं बघतं. मागं नुसती भिंत आहे. मग ते विचारतं, "मिस्त्री कुठं गेलेत?"

"इथंच आहेत."

"कवा येतेल?"

"आलेत की. द्या फोन."

मग ते माझ्याकडं, डोळ्यावरच्या भिंगाकडं आणि हातातल्या बारीक स्क्रू-ड्रायव्हरकडं बघत फोन द्यावा का नको या विचारात पडतं. लातुरात गोलाईच्या मागच्या गल्लीत दुकान टाकलं तेव्हा या प्रकाराचा मला राग यायचा. आता मजा वाटते. एका आजोबांचा फोन मी त्यांच्यासमोर उघडला, दुरुस्त केला, चालू करून हातात दिला. त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "बेस झालं. आता मिस्त्री आले की त्यास्नी एकदा दाखवून ठिवा." मी म्हणाले, हो, दाखवते. उगाच त्यांचं मन कशाला मोडा?

मी मूळची नांदेडची. कॉलेजात असताना उस्तादांच्या दुकानात रिचार्ज मारायला बसायचे. उस्तादांचं दुकान आधी घड्याळांचं होतं, मग रेडिओ-टेपचं झालं, मग मोबाइलचं. काउंटरवरून मी आतल्या टेबलावर कधी सरकले ते मलाही कळलं नाही. उस्ताद फारसं शिकवायचे नाहीत, शेजारी बसून करू द्यायचे आणि चुकलं की जीभ टाळ्याला लावून 'च्' करायचे. त्यांचे नियम मात्र पक्के होते. फोन हातात घ्यायच्या आधी माणसाचं बोलणं ऐकून घ्यायचं. आणि गिऱ्हाईकाच्या फोनवर कुणाचाही कॉल आला तरी आपण उचलायचा नाही. ते त्यांच्या दखनीत म्हणायचे, "दूसरे के घर का चूल्हा सुधारने गए ना बेटी, तो चूल्हा सुधारना. हांडी में नक्को झाँकना."

या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलंय की लोकांना उपयोगाचं लिहा, म्हणजे फोनची बॅटरी कधी बदलावी, कशी बदलावी. तर आधी तेवढं सांगून टाकते, मग माझ्या आवडीचं लिहिते.

बॅटरी म्हातारी होते. एवढं समजलं की निम्मं समजलं. नवी असताना दिवसभर चालते, दोन-तीन वर्षांनी दुपारीच दम टाकते. तोवरही घाई नाही. दुपारी एकदा चार्जिंगला लावून तुमचं भागत असेल तर भागवा. पण चाळीस टक्के दाखवत असताना फोन पटकन बंद पडायला लागला आणि चार्जरला लावताच पुन्हा तीस-चाळीस दाखवत उठला, तर बॅटरीचा हिशोब आता तिलाच लागत नाही असं समजा आणि बदला. काही न करता गरम होत असेल तर लवकर बदला. आणि फोनचं मागचं झाकण किंवा पुढची काच एखाद्या कडेनं वर आली असेल, फोन टेबलावर ठेवल्यावर डुलत असेल, तर त्याच दिवशी दुकान गाठा. वाटेत चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका. हे शेवटचं मी लोकांना फार तळमळीनं सांगते, त्याचं कारण पुढं येईल.

उलट, निम्म्या लोकांना बॅटरीची गरजच नसते. 'चार्जिंग होत नाही' म्हणून येतात, आणि चार्जिंगच्या भोकात मी भिंगातून बघते तर आत अख्खा खरीप हंगाम भरलेला. कापसाचे तंतू, ज्वारीची कूस, तुरीचा भुसा, तंबाखू. लाकडी काडीनं हलक्या हातानं कोरून काढलं की फोन चालू. गिऱ्हाईक खूश होतं, पण थोडं नाराजही होतं, कारण एवढ्याशा कामासाठी आपण आठवडाभर काळजी केली हे त्याला पटत नाही.

नांदेडला असताना इस्लापूरकडचा एक गडी आला होता. म्हणाला, "सकाळी फुल करून राहिलो, अन् दुपारी खतम होऊन राहिली. बॅटरी बदलून द्या." उस्तादांनी फोन दिवसभर दुकानात ठेवून घेतला. बॅटरी हलेचना. मग त्याला विचारलं, घर कुठं? तर घर पार डोंगराच्या आड, धबधब्याच्या अंगाला. तिथं टॉवरची रेंज येते आणि जाते. मी त्याला समजावलं, "दादा, तुमचा फोन दिवसभर टॉवरला हाका मारतोय. ओरडून ओरडून दमतोय बिचारा. बॅटरी चांगली आहे, टॉवर लांब आहे."

त्यानं जरा विचार केला. "मंग टावर बदलून द्या."

उस्ताद एवढे हसले की त्यांच्या डोळ्यावरचं भिंग चहात पडलं. शेवटी मी त्याला शिकवलं, घरी असताना विमानाचं चित्र दाबून ठेवा, सडकेला आलात की काढा. तो म्हणाला, "म्हंजे फोन बंद ठेवला की बॅटरी टिकती. हे तं मलाबी माहीत होतं." आणि उठून गेला. त्याचं काही चुकलं नव्हतं.

लातूरचे एक काका पितृपक्षात आले. फोन पुरीसारखा टम्म फुगलेला. मी म्हणाले, आजच बदला. ते म्हणाले, "पितरपाट चालू हाय. नवी वस्तू घेत नसतो आमी." मी म्हणाले, "काका, ही वस्तू नाही, औषध आहे. पितरपाटात दवाखाने बंद असतात का?" त्यांनी दुकानाबाहेर जाऊन माझ्याच फोनवरून घरी विचारलं आणि परत येऊन म्हणाले, "म्हातारी म्हनती, जुनी बसवा." जुनी म्हणजे हीच की, जी फुगली आहे! शेवटी असा तोडगा निघाला की मी माझ्या दुकानातली बॅटरी त्यांना अमावास्येपर्यंत वापरायला द्यायची, आणि घटस्थापनेला ती त्यांची झाली असं समजायचं. घटस्थापनेला काका खरंच पेढे घेऊन आले. मला तरी असं गिऱ्हाईक आवडतं, ज्याला स्वतःचं काही म्हणणं असतं.

पण लिहायला बसले ते सोजरबाईंसाठी.

सोजरबाई आमच्याच लातूर जिल्ह्यातल्या मुरुडजवळच्या एका खेड्यातल्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, पायात पुरुषी चपला, चालणं तरातरा. पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मला वाटलं, कुणासाठी खरवस आणलाय. फडकं सोडलं तर आत फोन.

"मावशी, ओलं फडकं कशाला?"

"ताप आलाय त्याला. हात लावून बघा की."

हात लावला. खरंच गरम होता. मागचं झाकण एका कडेनं उचललेलं, आत बॅटरी फुगलेली, आणि फुगवट्याच्या मधोमध एक सरळ दाबल्याची खूण. असली खूण मी आयुष्यात बघितली नव्हती.

"हे कशानं झालं?"

"पाट्यानं," सोजरबाई सहज म्हणाल्या. "शेजारीण म्हनली, आत हवा भरलीय. म्हनलं, दाबून काढावी. रातभर पाट्याखाली ठिवला. वर वरवंटाबी ठिवला, वजनाला."

"आणि तुम्ही कुठं झोपला होता?"

"तितंच, पाट्याला टेकून. कुनाचा धक्का लागू ने म्हून."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. फुगलेल्या बॅटरीत वायू साठलेला असतो, आणि तिची कातडी पापडासारखी पातळ असते. दाबलं, वाकवलं, टोचलं की आतले थर एकमेकांना भिडतात आणि मग जो जाळ होतो तो पाणी मारून आवरत नाही. पाट्याखाली रात्रभर बॅटरी ठेवून तिच्याशेजारी झोपलेली बाई सकाळी एसटीनं माझ्या दुकानात येते, याला मी नशीबच म्हणेन. मी फोन उचलून आधी बाहेर ओट्यावर वाळूच्या घमेल्यात ठेवला आणि परत येऊन सोजरबाईंना अशी रागावले की समोरचा चहावाला ऐकायला उभा राहिला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "झालं का रागावून? आता सांजच्याला फोन लागल का न्हाई, तेवढं सांगा."

"आज कसा लागेल? मावशी, दोन दिवस दुसऱ्या कुणाच्या फोनवरून बोला."

"तसं चालत न्हाई वो बाई," त्या म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या. मग त्यांनी सांगितलं.

सोजरबाईंची एकुलती एक लेक सविता. जन्मापासून तिला ऐकू येत नाही. लातूरच्या शाळेत काही वर्षं होती, लिहाय-वाचायला शिकली. पण सोजरबाईंना अक्षर येत नाही. म्हणून मायलेकींनी सविता पाळण्यात असल्यापासून हातांची आपली एक बोली केली होती. भाकरीला हात, मिरचीला हात, रागाला हात, गावातल्या एकेका माणसाला हात. ही बोली जगात फक्त दोघींना येत होती. वैशाखात सविताचं लग्न झालं, नायगावला. जावई ऐकणारा-बोलणारा, वीज-मोटारीची कामं करतो, दिवसभर बाहेर असतो. नवराबायको मोबाइलवर लिहून बोलतात. घरात राहतात त्या सासू आणि सविता. सासूलाही अक्षर येत नाही.

मी मध्येच स्पष्ट विचारलं, "तिकडं त्रास आहे का तिला?"

"त्रास असता तर म्याच जाऊन घिऊन आले असते की. मानसं लई चांगली हायत. बोली न्हाई." सोजरबाईंनी पदर सारखा केला. "दोघी बाया दिसभर एका घरात, अन् एक शब्द न्हाई. सासू म्हनायची, ही मला काई सांगतच न्हाई. लेक म्हनायची, मला तितं करमत न्हाई. एक बार पिशवी भरून बसली हुती."

मग सोजरबाईंनीच यावर उपाय काढला होता. रोज दिवेलागणीला त्या सविताला व्हिडिओ कॉल लावायच्या आणि सासूला शेजारी बसवायला सांगायच्या. फोन चहाच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि दोन्ही हात मोकळे करून विहीणबाईंना रोज थोडी थोडी बोली शिकवायची. ही शाळा दिवाळीनंतर सुरू झाली होती आणि बरी चालली होती, पण तेवढ्यात बॅटरी म्हातारी झाली. फोन चार्जरशिवाय टिकेना. चार्जरचं बटण दाराच्या मागं, उंचावर. म्हणजे उभं राहून एका हातात फोन धरायचा आणि उरलेल्या हातानं बोलायचं.

"एका हातानं बोलनं म्हंजे," सोजरबाई म्हणाल्या, "निम्मं तोंड बांधून बोलल्यावानी. तिकडं विहीन भाकर समजती, म्या आभाळ सांगत असते."

शेजारणीच्या फोनवरून एकदा बोलून बघितलं होतं. पण शेजारणीचं अख्खं घर भोवती जमून हातवारे बघत बसलं. सवितानं ते बघितलं आणि हात पदराखाली घेतले. लेक आईशी बोलते तेव्हा तिच्याभोवती बघे नकोत, हे मला सांगावं लागलं नाही.

आता दोन दिवस फोन बंद होता. जावयानं शेजारणीच्या फोनवर निरोप दिला होता की सविता नीट जेवत नाही, पिशवी पुन्हा भरली आहे, रविवारी तिला आणून सोडतो. आज शुक्रवार.

"येऊ द्या की चार दिवस," मी म्हणाले.

"चार दिस येऊ दे, म्हैनाभर येऊ दे. पर अशी रुसून आली की मग तितं बोली ऱ्हात न्हाई. परत कोन शिकनार? अन् माझ्या माघारी ती कुनाशी बोलल वो?" हे म्हणताना त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. मी उगाच टेबलावरचे स्क्रू आवरले.

धंद्याच्या दृष्टीनं मी जो सल्ला द्यायचा तो दिला. फोन जुना, झाकण वाकलेलं, बॅटरी दाबलेली. नवा फोन घ्या, मी सगळं लावून देते.

सोजरबाईंनी मान हलवली. "नवा वापरायला लेकीनं शिकवाया पायजे. कुठं बोट ठिवायचं, तिनं माझं बोट धरून शिकवलंय ह्येच्यात. आता नवा शिकवायला लेक इथं पायजे. अन् लेक इथं यायला नगं, म्हून तर फोन पायजे!"

दुरुस्तीच करायची ठरली.

दुकानामागं छोटं अंगण आहे. तिथं घमेल्यासमोर पाटावर बसले आणि आधी बॅटरीची तार सोडवली. फुगलेल्या बॅटरीखालचा डिंक गरम करून सोडवायचा नसतो. कडेनं स्पिरिटचे थेंब सोडायचे, थांबायचं, मग प्लॅस्टिकचं जुनं कार्ड हळूहळू आत सरकवायचं. लोखंडाचं काही वापरायचं नाही. पूर्वीच्या फोनला हे काहीच नव्हतं. नखानं झाकण उघडलं की बॅटरी हातात यायची, आणि मला त्या फोनांची आजही हळहळ वाटते. आता सगळं डिंकानं चिकटवतात आणि आमच्या जिवाला घोर लावतात. पाट्याची खूण होती तिथं मी श्वास धरून कार्ड सरकवलं. सोजरबाईंना दुकानात बसायला सांगितलं होतं, पण त्या दारात उभ्या राहून मला धीर देत होत्या. "भिऊ नगा, बाई. काई हुत न्हाई." ज्या बाईनं हे सगळं करून ठेवलं तीच मला धीर देतेय याचं मला हसू यायला लागलं, आणि हसायची तर सोय नव्हती. अखेर बॅटरी सुटली. ती वाळूत पुरली तेव्हा दोघींनी मिळून चहा घेतला.

पुढं नवी अडचण आली. त्या फोनची बॅटरी लातुरात कुणाकडं नव्हती. शिवाय त्याच नावाच्या फोनला दोन तऱ्हेच्या पिना येतात, त्यामुळं फोन सोबत नेऊन जुळवूनच घ्यावी लागणार होती. शनिवारी सकाळी मी दुकान बंद ठेवलं, बिनबॅटरीच्या फोनला रबर लावलं आणि नांदेडची एसटी धरली. नवरा म्हणाला, एका बॅटरीसाठी? मी म्हणाले, हो, एका बॅटरीसाठी.

उस्ताद आता थकलेत. दुकान त्यांचा मुलगा बघतो, पण ते दाराशी खुर्ची टाकून बसतात. मी बाजारातून आणलेल्या बॅटऱ्या त्यांनी एकेक हातात घेतल्या. एकीवर मोठ्या अक्षरात 'डबल पॉवर' लिहिलं होतं. उस्तादांनी 'च्' केलं. "जित्ता बडा नंबर, उत्ता बडा झूट." दुसरीचं लेबल नखानं उचकटून बघितलं, तर खाली आणखी एक लेबल. म्हणजे जुन्या बॅटरीला नवं अंगडं घातलेलं. तिसरीचे कोपरे चेपलेले नव्हते, बनवल्याची तारीख अलीकडची होती, पीन जुळत होती. "ये ले," ते म्हणाले. तुम्हीही बॅटरी घेताना एवढं बघितलं तरी पुष्कळ.

मी तिथंच त्यांच्या टेबलावर ती बसवली. बटण दाबलं. काच उजळली. झाकण अजून लावायचं होतं, तेवढ्यात फोन थरथरला आणि काचेवर एका तरुण मुलीचा फोटो आला. व्हिडिओ कॉल. सविता बहुतेक तीन दिवस मधून मधून आईचा फोन लावून बघत होती.

मी हात मागं घेतला. गिऱ्हाईकाचा कॉल उचलायचा नाही, हे माझ्या हाडात बसलंय. मी उस्तादांकडं बघितलं. सोजरबाईंची सगळी हकीगत मी त्यांना आल्या आल्या सांगितली होतीच.

"उठा ले, बेटी," ते म्हणाले. "ये हांडी उतू जा री."

मी उचलला. समोर सविता, आणि तिला दिसली आईच्या जागी कुणी परकीच बाई. तिचा चेहरा एकदम उतरला. मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. काय बोलणार? मग जे सुचलं ते केलं. फोनकडं बोट दाखवलं, दोन्ही गाल टम्म फुगवले, दोन्ही हातांनी दाबले आणि फूऽऽ करून हवा सोडली. फुगला होता, आता बसला, असं मला म्हणायचं होतं. मागं उस्तादांचा मुलगा हसायला लागला. सविता डोळे विस्फारून बघत राहिली. मग तिनं कुणाचा तरी हात धरून ओढला आणि पडद्यावर डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई आली.

"कोन बोलून राहिलंय? आमच्या विहीनबाई कुठं हायत?"

हुश्श! ऐकणारं माणूस. मी भडाभडा सांगून टाकलं, "त्या ठणठणीत आहेत, घरी आहेत. फोन बिघडला होता. मी दुरुस्तीवाली. उद्या सकाळी फोन त्यांच्या हातात असेल. तेवढं तिला सांगा."

तिला सांगा, हे मी सहज म्हणून गेले होते. सांगायचं कसं, हा विहीणबाईंचा प्रश्न होता, आणि आज शिकवायला सोजरबाई नव्हत्या. सविता त्यांच्या तोंडाकडं बघत होती. विहीणबाईंनी हळूच कपाळावर बोटानं मोठा गोल काढला. सोजरबाईंचं कुंकू! सवितानं जोरात मान हलवली, पुढं? 'ठणठणीत' विहीणबाईंना येत नसावं. त्यांनी थोडा विचार केला, आणि आखाड्यातल्या पैलवानासारखे दोन्ही दंड फुगवून दाखवले.

सविता खळखळून हसली. मोठ्यानं, अगदी पोटातून. तिनं सासूचे हात धरले, दंडावरून खाली आणले आणि तळवा छातीवर दोनदा थोपटून दाखवला. असं म्हणायचं. विहीणबाईंनी तसं केलं. मग सविताचे हात असे भराभर चालायला लागले की विहीणबाई ओरडल्या, "थांब गं बाई, हळू!" आणि आपण तोंडानं ओरडलो हे लक्षात येऊन त्यांनी हातानं हळू म्हणून दाखवलं.

"ती इचारून राहिली," त्या मला म्हणाल्या, "आईला ताप न्हाई ना?"

"आईला नाही. फोनला होता."

हे सांगायला त्यांना बराच वेळ लागला. ओल्या फडक्यापर्यंत आल्यावर दोघी हसून हसून वाकल्या. मग सविता पुन्हा काहीतरी म्हणाली. आता हळू, एकेक हात सुटा सुटा करून, सासूला कळेल असं. विहीणबाई बघत राहिल्या.

"ती म्हनून राहिली... आई बरी हाय, तर उद्या..." त्या अडखळल्या. त्यांनी हातानं पिशवी दाखवली, प्रश्न विचारल्यासारखी. सवितानं पिशवी बाजूला सारल्यासारखा हात केला आणि जमिनीकडं बोट दाखवलं. इथंच.

विहीणबाईंनी पदर डोळ्याला लावला. "बाई, ह्याच्या आंदी तिनं मला येवढं कंदी सांगितलं न्हवतं. सगळं आईला सांगायची, म्या बाजूला बसून बघायची."

उस्तादांनी खुर्चीतूनच हात वर करून पडद्याकडं सलाम केला, तो सविताला बरोबर कळला. तिनं परत केला.

रविवारी सकाळी मी दुकान उघडायच्या आधीच सोजरबाई पायरीवर बसल्या होत्या. जावयाचा निरोप त्यांना शेजारणीकडून पोचला होता की आता येत नाही, पण का येत नाही ते कळलं नव्हतं, त्यामुळं चेहरा काळजीचाच होता. मी फोन हातात दिला. त्यांनी तो वजन करावा तसा तोलून बघितला, गालाला लावून ताप बघितला, आणि माझ्या स्क्रूच्या डब्याला टेकवून उभा केला. तार नाही, काही नाही. मग लेकीच्या फोटोवर बोट ठेवलं आणि दोन्ही हात मोकळे करून बसल्या.

दोघी दिसल्या. मी मागं सरकले, बघे नकोत म्हणून. पण दुकान केवढं? कोपऱ्यात उभी राहून मी केबलची गुंडाळी करायचं सोंग करत होते. सोजरबाईंचे हात चालले होते, तिकडचे चार हात चालले होते, आणि दुकानात बांगड्यांशिवाय कशाचाही आवाज नव्हता. एवढं मोठं बोलणं मी आजवर ऐकलेलं नाही.

मध्येच तिकडं सविता आणि विहीणबाई दोघींनी एकदम गाल फुगवले, दोन्ही हातांनी दाबले, हवा सोडली आणि एकमेकींकडं बघून हसल्या. सोजरबाईंचे हात थबकले. त्यांनी बोट हलवून विचारलं, हे काय? दोघींनी पुन्हा केलं, पुन्हा हसल्या.

सोजरबाई माझ्याकडं वळल्या. "बाई, ह्यो शब्द माझा न्हाई. पोरगी पाळन्यात हुती तवापसून एकएक शब्द म्या केलाय. ह्यो कुटून आला?"

"मावशी, ते बहुतेक मी आहे," मी म्हणाले. "तिकडं माझं नाव पडलेलं दिसतंय."

हसू सोजरबाईंच्या डोळ्यांतून सुरू झालं आणि कुंकवापर्यंत पसरलं. "माझ्याबिगर बोली वाढली की, माय!" त्या म्हणाल्या. "माझ्याबिगर वाढली!" आणि पदरानं तोंड पुसून, नीट मांडी घालून पुन्हा फोनसमोर बसल्या. गाल फुगवले, एक हात गालावर ठेवला आणि फू केलं.

तिकडून विहीणबाईंनी मान हलवली. चुकलं. दोन्ही हात लावायचे होते.